ई-मेलची वाट आणि आपलीं अक्षरें

पत्र लिहिण्याची आपली जुनी रीति आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. वर 'श्री', त्याखालीं स्थळ व तिथि, मग ज्याला पत्र लिहावयाचें त्याच्या मानाप्रमाणें मायना, आणि मजकूर संपला कीं 'कळावें, लोभ असावा ही विनंति'. पेशवाईंतील दप्तराची शिस्त याहून कडक होती. पत्र पुरें झालें कीं शेवटीं लेखनसीमेची मुद्रा उठवीत. ती उठल्यावर त्यापुढें कोणालाहि एक अक्षर वाढवितां येऊं नये, हा तिचा हेतु. म्हणजे पत्राचीं अंगें तीन : कोणीं कोणास लिहिलें हें सांगणारा माथा, मधला मजकूर, आणि पत्र येथें संपलें असें बजावणारी खूण. आज घरोघर जें विद्युत्पत्र येतें, ज्याला आपण ई-मेल म्हणतों, त्यालाहि हींच तीन अंगें आहेत.

हें पत्र आपण स्वतः घडवीत नाहीं. आपण मजकूर लिहितों आणि कळ दाबतों. पुढचें सारें काम पडद्याआड बसलेली एक आज्ञावली करते. संगणकाच्या कसबी लोकांच्या बोलींत तिला 'लायब्ररी' म्हणतात. या लायब्ररींत पुस्तकें नसतात; कोणीं तरी एकदां काळजीपूर्वक लिहून ठेवलेल्या आणि इतरांनीं आपापल्या कामांत जशाच्या तशा वापराव्या अशा आज्ञांचा तो सांठा असतो. ई-मेलच्या लायब्ररीचीं कामें तीन : पत्र घडविणें, आलेलें पत्र उलगडणें, आणि लिहिलेलें पत्र रवाना करणें. ऐकावयास हें साधें कारकुनी काम वाटतें. परंतु पुण्याहून लिहिलेलें मराठी पत्र न्यू जर्सींतील मुलाच्या हातीं काना-मात्रेसह जसेंच्या तसें पडतें, तें या कारकुनीमुळें. श्रोतेहो, एक काळ असा होता कीं तें तसें पडत नव्हतें. तो काळ कसा पालटला, हें आज सांगावयाचें आहे.

संगणकावर एकानें दुसऱ्यासाठीं निरोप ठेवावा, ही सोय १९६५ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या विद्यापीठांत टॉम व्हॅन व्ह्लेक आणि नोएल मॉरिस या दोघांनीं केली. पण ती एकाच यंत्रापुरती होती. अनेक जण एकच मोठा संगणक वापरीत, आणि त्यांतच एकमेकांसाठीं चिठ्ठ्या ठेवीत. एका यंत्रावरून निघालेलें पत्र जाळ्यामार्फत दुसऱ्या यंत्रावर गेलें तें १९७१ सालीं. मॅसॅच्यूसेट्स राज्यांतील केंब्रिज येथें बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनींत रे टॉमलिन्सन नांवाचे अभियंते होते. त्यांनीं शेजारीं शेजारीं उभ्या असलेल्या दोन यंत्रांमध्यें आर्पानेट या जाळ्यावरून तें पत्र धाडलें. माणसाचें नांव आणि यंत्राचें नांव यांच्या मध्यें 'अॅट' हें चिन्ह घालावें, ही कल्पनाहि त्यांचीच.

या कामाच्या आरंभींच एक भारतीय नांव भेटतें. कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडींतून १९६५ सालीं बाहेर पडलेले अभय भूषण हे त्या वेळीं एम.आय.टी.मध्यें होते. एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर नेण्याचे नियम त्यांनीं एप्रिल १९७१ मध्यें लिहून काढले, आणि पुढें कांहीं वर्षें पत्रेंहि त्याच नियमांच्या आधारानें जात असत. सप्टेंबर १९७३ मध्यें भूषण, पोग्रान, टॉमलिन्सन आणि व्हाइट या चौघांनीं मिळून एक लहानसें पत्रक काढलें. पत्राच्या माथ्यावर लेखकाचें नांव, विषय आणि तारीख यांच्या ओळी ठरलेल्या रीतीनें लिहाव्या, एवढेंच त्यांतील मुख्य सांगणें होतें. तोंपर्यंत प्रत्येक यंत्राची माथा लिहिण्याची तऱ्हा निराळी होती. माणसाला ती वाचून कळे. यंत्राला कळत नसे. विद्युत्पत्राचा मायना ठरविण्याचा उद्योग येथून सुरू झाला.

तो बराचसा स्थिरावला ऑगस्ट १९८२ मध्यें. त्या महिन्यांत दोन पत्रकें निघालीं. जोनाथन पोस्टेल यांनीं पत्राच्या रवानगीचे नियम लिहिले आणि डेव्हिड क्रॉकर यांनीं पत्राच्या घडणीचे. माथ्यावरील प्रत्येक ओळींत आधीं ती ओळ कशाची आहे तें नांव, मग दोन टिंबें, मग माहिती. माथा संपला कीं एक कोरी ओळ. त्याखालीं मजकूर. आणि मजकूर संपला कीं रवानगीच्या वेळीं एका ओळींत एकटेंच टिंब. तें टिंब म्हणजे ई-मेलची लेखनसीमा. मग मजकुरांतलीच एखादी ओळ टिंबानें सुरू झाली तर ? तर पाठविणाऱ्या यंत्रानें तेथें आणखी एक टिंब वाढवावें, आणि घेणाऱ्यानें तें काढून टाकावें. असे बारकावे लिहिणाऱ्या माणसाला कधीं दिसत नाहींत; तें ध्यानांत ठेवण्याचें काम लायब्ररीचें.

या सुबक नियमांत एक अट मात्र फारशी चर्चा न होतां बसून गेली. पत्रांतील अक्षरें अॅस्की या अमेरिकन संकेताचींच असावींत, ही ती अट. संगणकाला अक्षर कळत नाहीं. त्याला होय आणि नाहीं एवढेंच कळतें. अशा एका होय-नाहींच्या घराला बिट म्हणतात. अॅस्की संकेतांत प्रत्येक अक्षराला सात घरें, म्हणून एकंदर खुणा १२८. त्यांपैकीं ३३ यंत्राला हुकूम देण्याकरितां राखलेल्या. उरलेल्या ९५ खुणांत इंग्रजीचीं लहानमोठीं अक्षरें, अंक, विरामचिन्हें आणि कोरी जागा. एवढ्यांत ज्याचें भागतें, तो मनुष्य इंग्रजींत लिहिणारा. फ्रेंचांच्या आघाताच्या खुणा त्यांत नाहींत, जर्मनांचे दोन टिंबांचे स्वर नाहींत. मग आपल्या बाराखडीची काय कथा! पत्राच्या वाटेवर एकामागून एक अनेक यंत्रें असत, आणि त्यांतील कित्येक यंत्रें आठव्या घरांत कांहीं आलें तर तें सरळ पुसून टाकीत. त्यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. आठव्या घराची कोणाला गरज पडेल, हें ती वाट बांधणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें नव्हतें.

जपानी लोकांनीं या अडचणींतून आपल्यापुरता मार्ग काढला. १९८४ सालीं जून मुराई यांच्या पुढाकारानें तेथील विद्यापीठांचें जाळें उभें राहिलें. त्यावर जपानी पत्रें जात तीं सात घरांतच बसविलेलीं असत. 'येथून पुढें जपानी' अशी एक खूण, मग दोन दोन खुणांचें मिळून एक अक्षर, आणि शेवटीं 'येथून पुन्हां इंग्रजी' अशी दुसरी खूण. युक्ति नामी होती. परंतु ती जाणणाऱ्या यंत्रालाच पत्र वाचतां येई.

आपल्याकडे काय झालें ? मुंबईंत १९८६-८७ च्या सुमारास, एर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या आरंभकाळीं, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था आणि पवईची आय.आय.टी. यांच्यामध्यें टेलिफोनच्या तारेवरून पत्रें जाऊं-येऊं लागलीं. त्या पत्रांची वाट तीच, सात घरांची. इकडे पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें भारतीय लिपि संगणकावर उमटविण्याचें तंत्र पुढें नेलें, आणि १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें इस्की नांवाचा भारतीय लिपींचा संकेत मान्य केला. हा संकेत आठ घरांचा होता. खालच्या अर्ध्या भागांत इंग्रजी, वरच्या अर्ध्यांत आपलीं अक्षरें. आणि दोहोंतील भेद दाखविणारें घर नेमकें आठवें. तें घर वाटेंत पुसलें गेलें कीं काय व्हावें याचें एक लहानसें उदाहरण घ्या. 'कमल' हा शब्द इस्कींत लिहून अशा वाटेनें धाडला, तर पलीकडे पोंचेल तो इंग्रजी आंकडा तीन, मग एल, मग क्यू. तीन अक्षरें निघालीं, तीन खुणा पोंचल्या, आणि कमल मात्र कोठेंच नाहीं.

म्हणून परदेशीं गेलेले आपले लोक आईबापांना रोमन अक्षरांत मराठी लिहूं लागले. विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वांस खुलें केलें, त्यानंतरहि बरींच वर्षें हीच चाल राहिली. रोमन लिहून देवनागरी छापावें याकरितां अविनाश चोपडे यांनीं आयट्रान्स ही पद्धति तयार केली, तिचा पुष्कळांना आधार झाला. तरीहि आपल्याच भाषेला परक्या लिपीचे कपडे चढवून पत्र धाडावें लागे, ही गोष्ट उरलीच. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांचा भेद त्या कपड्यांत झांकून जाई, आणि ज्या वडिलधाऱ्यांना इंग्रजी वाचतां येत नसे त्यांना स्वतःच्या मुलाचें पत्र दुसऱ्याकडून वाचवून घ्यावें लागे.

आतां या कहाणीचा मध्यबिंदु आला. ही सात घरांची वाट रुंद करावयाची, तर जगांतील सारीं यंत्रें एकाच वेळीं बदलावयास हवीं होतीं, आणि तें शक्य नव्हतें. कांहीं लोक हळूहळू वाट रुंद करावी म्हणत होते. बेलकोर या संस्थेचे नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि इनोसॉफ्ट कंपनीचे नेड फ्रीड यांनीं निराळा विचार केला. वाट अरुंद आहे तर अरुंद राहूं द्या. सामान असें बांधूं कीं तें त्या वाटेनें जाईल, आणि गांठोड्यावर आंत काय आहे, कसें बांधलें आहे, याची चिठ्ठी लावूं. जून १९९२ मध्यें त्यांनीं हे नियम प्रसिद्ध केले. त्यांना 'माइम' म्हणतात. सामान बांधण्याची कल्पना सर्वस्वीं नवी नव्हती. बर्कले येथें मेरी अॅन हॉर्टन यांनीं १९८० सालींच तशी एक आज्ञावली लिहिली होती. परंतु तेथें गांठोड्यावर चिठ्ठी नव्हती. आंत काय आहे तें उघडणाऱ्यानें आधींच जाणून असावें लागे. माइमनें चिठ्ठी दिली, हें त्याचें खरें वैशिष्ट्य.

ही बांधणी कशी होते तें पाहूं. युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली आणि तींत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. ती जागा यूटीएफ-८ या रीतीनें लिहिली कीं देवनागरीचें प्रत्येक चिन्ह आठ घरांच्या तीन पेट्या घेतें. म्हणजे २४ घरें. माइमच्या 'बेस-६४' बांधणींत हीं २४ घरें सहा-सहाच्या चार भागांत वाटतात, आणि प्रत्येक भागाबद्दल एक साधें इंग्रजी अक्षर, अंक किंवा चिन्ह लिहितात. एकटें 'क' हें अक्षर या रीतीनें 'चार, के, एस, व्ही' असें होतें. 'म' आणि 'ल' यांचीहि पहिलीं तीन चिन्हें हींच. चौथें तेवढें बदलतें. तीन पेट्यांच्या चार झाल्या, म्हणजे ओझें तिसऱ्या हिश्श्यानें वाढलें. पण अशी ओळ कोणत्याहि जुन्या यंत्रांतून सुखरूप जाते, कारण तींत त्या यंत्राला अनोळखी असें कांहींच नाहीं. पलीकडची लायब्ररी चिठ्ठी वाचते, गांठ सोडते, आणि कमल कमलच राहतें. याच युक्तीनें चित्रें आणि आवाजहि जाऊं लागले. मार्च १९९२ मध्यें बोरेनस्टीन यांनीं जें पहिलें जोडपत्र धाडलें, त्यांत त्यांच्या गायकचौकडीचें छायाचित्र आणि त्यांचें गाणें होतें.

मजकुराची सोय झाली, पण माथ्याचें काय ? नांव आणि विषय हीं तर माथ्यावर, आणि माथ्याचे नियम जुनेच. तेथील तोड कीथ मूर यांनीं जून १९९२ मध्येंच सुचविली : परक्या लिपींतील शब्द माथ्यावर आणावयाचा तर तो दोन्हीं बाजूंना ठरलेल्या खुणा घालून, संकेताचें नांव सांगून, बांधून लिहावा, आणि अशी एक पुडी ७५ चिन्हांहून लांब नसावी. हिशेब केला तर एका पुडींत देवनागरीचीं फार तर १५ चिन्हें मावतात, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हीं सारीं निरनिराळीं मोजावयाचीं. 'ज्ञानेश्वर' या एका नांवालाच दहा चिन्हें लागतात. तेव्हां नांव लांब असेल तर त्याच्या दोन पुड्या कराव्या लागतात, आणि त्या करतांना एका चिन्हाच्या तीन पेट्यांपैकीं एक इकडे व दोन तिकडे असें होऊं देतां कामा नये. एखाद्या निष्काळजी आज्ञावलीनें तसें केलें, तर मजकूर शाबूत पोंचतो पण नांवांत मधेंच चौकोन किंवा प्रश्नचिन्हें उमटतात. आपल्यापैकीं पुष्कळांनीं स्वतःचें नांव अशा रूपांत पाहिलें असेल.

या साऱ्यावरून लायब्ररीची गरज लक्षांत येईल. नियम सोपे दिसतात, पण त्यांची संख्या मोठी आणि पोटनियम त्याहून अधिक. जुन्या नियमांप्रमाणें पत्त्याच्या मध्यें कंसांत टीप घालतां येते, आणि त्या कंसांत आणखी कंस ! हें सारें प्रत्येकानें नव्यानें लिहूं म्हटलें तर प्रत्येकाच्या चुका निराळ्या होतील. म्हणून एकानें तें नीट करावें आणि सर्वांस द्यावें. पायथन या संगणकी भाषेकरितां बॅरी वॉर्सॉ यांनीं असें काम केलें. तें डिसेंबर २००१ मध्यें त्या भाषेच्या २.२ या आवृत्तींत समाविष्ट झालें. रूबी या भाषेंत मिनेरो आओकी यांची 'टीमेल' ही लायब्ररी होती. तिची देखभाल करतां करतां मिकेल लिंडसार यांनीं 'मेल' या नांवाची नवी लायब्ररी लिहिली, आणि २०१० सालीं रूबींतील प्रसिद्ध रेल्स चौकटीनें ती स्वीकारली. अशीं कामें बहुधा फावल्या वेळांत आणि विनामूल्य झालेलीं असतात.

हें काम एकदां करून संपत नाहीं, याचा अनुभव पायथनच्या मंडळींना आला. डिसेंबर २००८ मध्यें त्या भाषेची तिसरी आवृत्ति निघाली. तींत अक्षरें निराळीं आणि अक्षरांच्या कच्च्या पेट्या निराळ्या, असा सक्त भेद केला गेला. भेद योग्यच होता. परंतु ई-मेल हा प्राणी दोहोंच्या मधला : माथा एका संकेतांत, मजकूर दुसऱ्या, जोडपत्र तर निव्वळ पेट्यांचें. जुनी लायब्ररी त्याला अक्षरें समजून उघडूं लागली आणि अडखळली. आर. डेव्हिड मरे यांच्या परिश्रमानें २०११ सालच्या ३.२ आवृत्तींत ती बरीचशी सांवरली. २०१२ सालीं नवी मांडणी प्रथम आली, आणि ती पक्की म्हणून जाहीर व्हावयास २०१६ साल उजाडलें. भाषेच्या एका शहाणपणाच्या सुधारणेपायीं पत्र उलगडण्याचें काम पुन्हां पहिल्यापासून तपासावें लागलें, आणि त्यांत आठ वर्षें गेलीं.

दुसरी एक अडचण याहून खोल आहे. 'आपण पाठवितांना काटेकोर असावें, दुसऱ्याचें घेतांना उदार असावें', असा पोस्टेल यांचा सल्ला या जाळ्याच्या उभारणींत प्रसिद्ध आहे. माणसामाणसांत तो सल्ला सोन्यासारखा. पत्रांच्या बाबतींतहि त्यानें आरंभीं पुष्कळ साधलें. चुकलेलीं, अर्धवट, वांकडीं पत्रेंहि पोंचलीं. पण दोन यंत्रांचें औदार्य सारखें नसलें तर काय होतें, हें डिसेंबर २०२३ मध्यें टिमो लाँगिन या संशोधकानें दाखवून दिलें. ओळ संपल्याची खूण नियमाप्रमाणें दोन संकेतांची आहे. कांहीं यंत्रें मात्र त्यांतील एकावरहि समाधान मानीत. त्यामुळें एकाच पत्रांत एक यंत्र म्हणे कीं मजकूर अजून चालू आहे, आणि पुढचें यंत्र म्हणे कीं पत्र संपलें व दुसरें सुरू झालें. त्या फटींतून भलत्याच माणसाच्या नांवानें खोटें पत्र घुसवितां येत असे. लेखनसीमा कोठें पडली याविषयीं दोन कारकुनांत मतभेद झाला, आणि मधल्या कोऱ्या जागेंत तिसऱ्यानें लिहून घेतलें. मुद्रा उठविणाऱ्या जुन्या दप्तरदारांची सावधगिरी किती सार्थ होती, हें यावरून कळतें. यानंतर संबंधित आज्ञावलींत सुधारणा झाल्या, आणि ओळीच्या खुणेविषयीं त्या अधिक कडक झाल्या.

माथा आणि मजकूर यांत आपली लिपि आली. राहतां राहिला पत्ता. माणसाचें नांव आणि स्थानाचें नांव देवनागरींत असलेला पत्ता चालावा, असे नियम फेब्रुवारी २०१२ मध्यें निघाले, आणि २०१४ सालीं देवनागरी लिपींतील 'भारत' हें स्थाननाम खुलें झालें. कागदावर तरी आतां आपला सबंध पत्ता आपल्या अक्षरांत लिहितां येतो. पण त्यासाठीं वाटेवरच्या प्रत्येक यंत्रानें तो मान्य करावा लागतो. येथें गांठोडें बांधून काम भागत नाहीं. म्हणून मजकुराला जें साधलें तें पत्त्याला अजून सर्वत्र साधलेलें नाहीं. मधल्या एका यंत्राला जरी तो कळला नाहीं, तरी पत्र परत येतें.

यांतून एक गोष्ट मनांत ठसते. मराठी पत्राला या वाटेवर जागा मिळाली ती कोणीं मोठा हुकूम काढल्यानें नव्हे. जुन्या वाटेनें जाणाऱ्यांना न अडवितां नवें सामान नेण्याची रीति कोणीं शोधली, कोणीं ती नियमांत बसविली, आणि पुढें कित्येकांनीं त्या नियमांप्रमाणें गांठी बांधणाऱ्या व सोडणाऱ्या आज्ञावली लिहून त्या वर्षानुवर्षें दुरुस्त केल्या. आजहि आपल्या बहुतेक ई-मेलांच्या माथ्यावर, आपल्याला सहसा न दिसणारी, 'माइम आवृत्ति १.०' अशी एक ओळ असते. १९९२ पासून तो आंकडा बदललेला नाहीं. तो बदलला तर जुनीं यंत्रें काय करतील याचा भरंवसा नाहीं, म्हणून कोणी त्याला हात लावीत नाहीं. पुढच्या वेळीं आपलें नांव परमुलखांतून आलेल्या पत्रावर काना-मात्रेसह शुद्ध उमटलेलें दिसेल, तेव्हां त्या ओळीची आणि तिच्यामागें राबणाऱ्या हातांची क्षणभर आठवण करावी, एवढीच विनंति.